आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी



एप्रिल उजाडला की आपल्या भागात वावरे मोकळी होतात. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या जातात, तुराटीचे भारे कोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले जातात, कुटाराची गंजी सोयीसाठी घराजवळच लागते, आणि वरून ऊन असे की दुपारी झाडावर पाखरू दिसत नाही. आगीला याहून चांगले आवतण कोणते? याच महिन्यात, १४ ते २० एप्रिल या काळात, देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली, दोन प्रचंड स्फोट झाले, आणि आग विझवता विझवता अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. त्या जहाजात दारूगोळ्याच्या जोडीला कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आज मात्र बंबाविषयी जे सांगावयाचे आहे ते आगीपुरते नाही. गावावर रोगाची साथ आली तर बंब आणि बंबावरची माणसे आपल्या काय कामाची, आणि आपण त्यांच्या काय कामाचे, हा आजचा विषय आहे. साथ संपली की माणूस विसरतो, म्हणून साथ नसतानाच हे बोललेले बरे.

२०२० चा मार्च आठवा. महाराष्ट्रात कोरोनाचे रुग्ण सापडू लागले तेव्हा अगदी सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपला यवतमाळ जिल्हा होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. कापूस घरात पडून, बाजार बंद, पुण्या-मुंबईकडे गेलेली पोरे पायी परत निघालेली. अशा वेळी नागपूर, पुणे, मुंबई या शहरांत अग्निशमन दलाच्या गाड्या रस्त्यावर उतरल्या आणि सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी मारू लागल्या. शहरांचे पाहून लहान गावांनीही तेच केले. बंब होता तिथे बंब काढला, नव्हता तिथे ट्रॅक्टरवरची टाकी जोडली, आणि ट्रॅक्टर शिरत नाही अशा बोळांतून पोरे पाठीवर कापसाचे फवारणी पंप घेऊन फिरली. रस्ते, पार, देवळाचा ओटा, बसथांबा, झाडाचे बुंधे, सगळे भिजवले. लोक दारात उभे राहून पाहत होते. आपल्यासाठी कोणी तरी काही तरी करते आहे, एवढ्याने त्या दिवसांत जीव थोडा खाली बसत होता. त्या जवानांना नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. बाकीचे जग घरात बसले असताना ते बाहेर होते, त्यांच्यापैकी अनेकांना लागण झाली आणि मुंबईसारख्या शहरात काहींचे प्राणही गेले.

पण त्या फवाऱ्याने रोग किती हटला? याचे उत्तर आपल्या जुन्या माणसांनी एका ओळीत देऊन ठेवले आहे: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कसे ते पाहू. हायपोक्लोराइट म्हणजे क्लोरिन पाण्यात धरून ठेवणारे औषध. गुळगुळीत, स्वच्छ पृष्ठभागावर, म्हणजे दवाखान्याची फरशी, दाराची कडी, पलंगाची दांडी अशा ठिकाणी ते जंतू मारते. परंतु माती, शेण, पालापाचोळा यांच्याशी गाठ पडली की त्याची ताकद तिथेच खर्ची पडते, आणि उरलीसुरली ऊन खाऊन टाकते. तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. ग्लायफोसेट गढूळ पाण्यात कालवले तर तण मरत नाही, हे तुम्ही अनुभवाने जाणता. औषध तणाऐवजी पाण्यातल्या मातीला चिकटते. मग मातीच्या रस्त्यावर मारलेल्या क्लोरिनचे काय होणार? जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२० मध्ये स्पष्ट सांगितले की, रस्ते व बाजार अशा उघड्या जागी फवारणी करण्याची शिफारस नाही, कारण धूळ आणि कचरा औषधाला निकामी करतात.

दुसरे कारण याहून मोठे आहे. रोग रस्त्यावर नव्हताच. तो बंद खोलीतल्या हवेत होता. खोकल्यातून, शिंकेतून, साध्या बोलण्यातूनही जे बारीक थेंब बाहेर पडतात ते कोंदट खोलीत तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासात जातात. हे पुरते ध्यानात यायला वर्षभर लागले. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूचना काढली, तिचा भर घरात हवा खेळती ठेवण्यावर होता. गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. अळी एकदा बोंडात शिरली की बाहेरून पानावर कितीही फवारा मारा, ती आत सुखाने सरकी खात बसते. औषध खोटे नसते, पंपही खोटा नसतो, फक्त अळी एकीकडे आणि फवारा दुसरीकडे असतो. कोरोनाच्या वेळी आपण पानावर फवारत होतो आणि अळी बोंडात होती. जाता जाता सांगतो, पोडावरच्या कुडाच्या घरात हवा आपोआप खेळते. खिडक्या खिळे ठोकून बंद केलेली सिमेंटची खोली ही सुधारणा आहे असे मला तरी वाटत नाही.

ही चूक काही २०२० मध्ये पहिल्यांदा झाली नाही. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढे शहरभर हाहाकार उडाला. त्या काळच्या सरकारने काय केले? धुलाईची यंत्रे आणि आगीचे बंब चाळींपुढे उभे केले आणि घरे कार्बोलिक व तशाच जहाल औषधांच्या पाण्याने धुऊन काढली. भिंतींना चुना, गटारांना पाणी, माणसांची पळापळ. परंतु प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवेमार्फत पसरतो हे १८९८ साली पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवले. म्हणजे बंबाचे पाणी भिंतीवर पडत होते आणि रोग उंदरावर बसून शेजारच्या घरी चालला होता. घर भिजले की उंदीर तिथे थांबत नाही, हे कणगी असलेल्या कोणत्याही बाईला विचारा. त्याच मुंबईत हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. खरी वाट तिकडे होती, पण बंब दिसतो आणि लस दिसत नाही. लोकांनाही दिसेल असे काही हवे असते आणि अधिकाऱ्यांनाही.

फवाऱ्याने फायदा झाला नाही एवढ्यावर हे थांबत असते तरी चालले असते. मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेली येथे परगावाहून परतलेल्या मजुरांना, बायका-मुलांसकट, रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर औषधाचे पाणी मारण्यात आले. बस धुवायला सांगितले होते, कर्मचाऱ्यांनी उत्साहाच्या भरात माणसे धुतली, असा खुलासा जिल्हा प्रशासनाने केला. डोळ्यांची आग आग झाल्याच्या तक्रारी आल्या. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला लेखी कळवावे लागले की माणसाच्या अंगावर निर्जंतुकाची फवारणी कोणत्याही परिस्थितीत करू नये.

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला तरी हे कोणी शिकवायला नको होते. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात काय घडले ते तुम्ही विसरला नसाल. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा खालून वर मारायचा, तो वाऱ्याने तोंडावर यायचा, अंगात साधा सदरा, दोन-दोन औषधे एकत्र कालवलेली, आणि जोराचे पंप आलेले. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. फवाऱ्याचे विष तोंडावाटेच जाते असे नाही, ते कातडीतून आणि श्वासातूनही जाते, हे इतकी माणसे गमावून आपण शिकलो. आणि तीनच वर्षांनी तेच पंप, काही ठिकाणी पुरते न धुतलेले, माणसांच्या ओट्यांवर चालवले गेले! ज्या टाकीत कालपर्यंत मोनोक्रोटोफॉस होते तिच्यातले पाणी अंगणात रांगणाऱ्या लेकराभोवती मारायचे म्हणजे काय? पुढे कधी साथ आली आणि गावात फवारणीचा ठराव निघाला, तर पहिला प्रश्न हाच विचारा: पंप कोणाचा, आणि आधी त्यात काय होते?

आता बंबाकडे परत वळू, कारण बंबाची खरी कहाणी इथून पुढे आहे.

आपल्यासारख्या तालुक्यात बंब असला तर एखादा असतो. तो नगर परिषदेचा. यवतमाळहून दुसरा यायचा म्हटले तर तासाभराची वाट. एप्रिल-मे हे आगीचे दिवस. अशा दिवसांत तो एकुलता बंब क्लोरिनचे पाणी भरून गल्लीबोळ भिजवत उभा असेल आणि पारव्याकडे एखाद्या तांड्यावर कोठा पेटला, तर? टाकी ओतून, धुऊन, पुन्हा भरून निघेपर्यंत ढोरे दावणीला जळून जातील. शिवाय हायपोक्लोराइट लोखंड खाते. बंबाचा पंप, झडपा, जोड यांना ते चढले की गाडी दुरुस्तीला जाते, आणि आपल्याकडे दुरुस्तीला गेलेली वस्तू परत कधी येते ते तुम्ही जाणता. म्हणून साथीच्या दिवसांत बंब रस्ते धुण्याच्या कामातून मोकळा ठेवणे, हाही साथीचाच बंदोबस्त आहे.

कारण त्या दोन वर्षांत बंबाची खरी गरज जिथे पडली ते ठिकाण होते दवाखाना. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. १० बालके गेली, ७ वाचवता आली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या मोठ्या टाकीतून गळती झाली. आग नव्हती, पण नळ्यांतला दाब पडला आणि २२ रुग्ण श्वासाविना गेले. पांढऱ्या धुक्यासारख्या त्या वाफेत अग्निशमन दलाला उतरावे लागले. दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ जण गेले. रोगातून वाचण्यासाठी आणलेली माणसे आगीने न्यावीत, याहून वाईट ते काय?

असे एकामागून एक का घडले असेल? एक सर्वसाधारण कारण आपल्या घरालाही लागू आहे, म्हणून नीट वाचा. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो थोडासा वाढला तरी आगीचा स्वभाव बदलतो. जी ठिणगी एरवी विझून गेली असती ती चादर पेटवते, आणि पेटलेली चादर पाहता पाहता पलंग घेते. साथीत दवाखान्यांत प्राणवायू भरपूर वापरला जात होता, जुन्या वायरिंगवर यंत्रांचा भार वाढला होता आणि यंत्रे रात्रंदिवस चालू होती. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. त्याप्रमाणे दवाखान्यासारख्या इमारतीच्या मालकाने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, आगीची साधने चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. आपला माणूस भरती करताना आपण खाटेचे भाडे विचारतो. बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे आणि त्या दाराला कुलूप तर नाही, हेही विचारावे. कोणी हसले तर हसू द्या.

घरी प्राणवायूचे यंत्र किंवा सिलिंडर आणला असेल तर चुलीपासून, देवाच्या निरांजनापासून आणि गॅसच्या शेगडीपासून तो किमान दहा फूट लांब ठेवा. त्या खोलीत विडी नको म्हणजे नको, मग म्हातारबुवा कितीही रागावोत. सिलिंडरच्या झडपेला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लावू नका. ट्रॅक्टर खोलून आलेला मुलगा तसाच येऊन नळ फिरवतो, ते धोक्याचे आहे, कारण दाबाखालचा प्राणवायू आणि तेल एकत्र आले की काडी न ओढताही भडका होऊ शकतो. रुग्णाच्या ओठांना, नाकाला तुपाचा वा तेलाचा हात लावण्याची आपल्या बायांची माया मी समजतो, पण नळी लावलेली असताना ते करू नये. हाताला लावायच्या सॅनिटायझरचेही तसेच. त्यात निम्म्याहून अधिक दारूचा अर्क असतो, त्याची ज्योत दिवसा नीट दिसतही नाही. हात पुरते सुकल्यावरच चुलीपाशी जा.

बाटल्यांविषयीही दोन शब्द. ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या दिवशी आपल्याच घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी येथे १२ लेकरांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले आणि त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवावे लागले. शिकलेल्या, नेमलेल्या माणसांकडून असे होते, तर घरच्या फडताळात काय होत असेल? पाण्याच्या बाटलीत फिनेल, सरबताच्या बाटलीत रॉकेल, औषधाच्या झाकणाने मोजलेले कीटकनाशक, हे सर्व मी घरोघर पाहिले आहे. मूळ डबा, मूळ चिठ्ठी आणि लेकरांचा हात न पोचेल अशी जागा, एवढे तरी सांभाळा.

आता कोणी म्हणेल, साहेब, तुम्ही क्लोरिनलाच वाळीत टाकले. तसे नाही. जिथे रोग आहे तिथे क्लोरिनसारखे स्वस्त औषध नाही. पहिल्या पावसात घाण वाहून विहिरीत जाते आणि जुलाब-उलट्यांची साथ येते, तेव्हा रोग पाण्यात असतो, आणि क्लोरिनही पाण्यातच टाकायचे असते. तिथे आगही रामेश्वरी आणि बंबही रामेश्वरी. हिशेब अवघड नाही. चांगल्या ब्लीचिंग पावडरीचे प्रमाण दर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर. व्यासाला व्यासाने गुणा, आले ९. खोलीने गुणा, आले ३६. त्याचे पाऊण भाग आणि वर थोडे, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, म्हणजेच २८ हजार लिटर पाणी. त्याला ७० ग्रॅम पावडर लागेल. ती थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटे थांबा. चुना खाली बसेल. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडा आणि पाण्यात वरखाली हिसडा. एक तास पाणी उपसू नका. रात्री टाकली तर सकाळच्या पाण्याला सर्वांत सोयीचे.

दवाखान्यातून आलेल्या रुग्णाच्या खोलीची फरशी, मोरी, कड्या पुसायच्या असतील तर एक टक्का हायपोक्लोराइट चालते. बाजारातली बाटली पाच टक्क्यांची असेल तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी, दहा टक्क्यांची असेल तर एक भागाला नऊ भाग. आधी साध्या पाण्याने मळ काढा, मग हे पुसा, दहा मिनिटे ओले राहू द्या. दारे-खिडक्या उघड्या हव्यात. कालवलेले त्याच दिवशी संपवा. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो आणि न्हाणीघरातली बाई तिथेच कोसळते. ब्लीचिंग पावडर खताच्या पोत्यांशेजारी किंवा डिझेलच्या डब्याजवळ ठेवू नका. तेलाशी तिची गाठ पडली तर ती आपोआप पेटू शकते. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात फाटके पोते पडलेले असेल तर सरपंचांना आजच दाखवा.

राहिले, आपण बंबाच्या काय कामाचे, ते. सामान्यतः बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी असते. दोन नळ्या जोरात चालल्या की पाच-सात मिनिटांत टाकी रिकामी. पुढचे पाणी गावाने द्यायचे असते. लोक विहिरीकडे बोट दाखवतात, पण उन्हाळ्यात पाणी गेलेले असते तळाला. बंबाचा पंप वर उभा राहून बावीस-तेवीस फुटांच्या खालचे पाणी ओढू शकत नाही. तुमची वरची मोटरही खोल विहिरीतून पाणी ओढत नाही म्हणून तुम्ही ती आत उतरवता, तोच हा न्याय. तेव्हा गावात आधीच ठरवून ठेवा की एप्रिल-मेमध्ये बंब कुठे भरायचा: ज्या विहिरीत मोटर आहे आणि जवळ गाडी उभी राहते ती, की शेततळे, की नदीचा डोह. वीज नसेल तर डिझेल इंजिन कोणाचे आणायचे, हेही. तांड्यावर, पोडावर जाणाऱ्या रस्त्यावर लग्नाचे मांडव, बैलगाड्या आणि मातीचे ढीग असतात. रुग्णवाहिकाही त्याच रस्त्याने यायची असते, तेव्हा रस्ता मोकळा राहिला तर दोघांचे काम होते.

अग्निशमनाचा क्रमांक १०१, रुग्णवाहिकेचा १०८, आणि कोणत्याही संकटाचा ११२. त्याशिवाय नगर परिषदेच्या अग्निशमन विभागाचा थेट नंबर विचारून घ्या आणि शाळेच्या, अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक रंगाने लिहून ठेवा. मोबाइलमध्ये असलेला नंबर आगीत सापडत नाही. फोनवर गाव, तालुका, रस्त्याची खूण आणि काय पेटले ते सांगा. खत-औषधांची खोली पेटली असेल तर ते आधी सांगा, कारण त्या धुरात जवान वेगळ्या तयारीने उतरतात. आणि एक माणूस फाट्यावर उभा करा. अनोळखी ड्रायव्हरला रात्री तांडा सापडायचा नाही.

१ मेच्या ग्रामसभेत या गोष्टी मांडण्यासारख्या आहेत. तिथे आणखी एक विचारा. कोरोनाच्या काळात कित्येक ग्रामपंचायतींनी फवारणी पंप विकत घेतले, ते कुठे आहेत? बहुतेक कार्यालयाच्या माळ्यावर सापडतील. खाली काढा. टाकी तीन-चार वेळा साध्या पाण्याने धुवा, क्लोरिनने खाल्लेले वॉशर आणि गंजलेला नोझल बदला, बॅटरी असेल तर भारून पाहा. औषधासाठी ते पुन्हा वापरू नका, टाकीवर तांबड्या रंगाने ‘फक्त पाणी’ असे लिहा. धुऱ्यावर कोणी काडीकचरा जाळत असेल त्या दिवशी असे दोन भरलेले पंप आणि कडूनिंबाच्या चार ओल्या फांद्या घेऊन दोन माणसे वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली, तर गवतावर सरकणारी आग सोळा लिटर पाण्यातही जागच्या जागी दबते. फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर न मारता तिच्या बुडाशी मारावा.